रक्तातली जुनी नोंद

पावसाळा ओसरू लागला की अनेक घरांत टेबलावर एक कागद येऊन पडतो. तापकऱ्याच्या रक्ताचा अहवाल. त्यात डेंग्यूच्या तीन ओळी असतात. एनएस-१ हे विषाणूचे प्रथिन, तापाच्या पहिल्या काही दिवसांत सापडणारे. आयजीएम ही शरीराने नुकतीच तयार केलेली प्रतिपिंडे. या दोन ओळी आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. घोटाळा होतो तो तिसरीपाशी. 'आयजीजी पॉझिटिव्ह' वाचून कोणी घाबरतो, तर कोणी 'आमच्याकडे डेंग्यू कधी झालाच नाही, लॅबवालाच चुकला' असा निकाल परस्पर देऊन मोकळा होतो.

लॅबवाला बहुधा चुकलेला नसतो. डेंग्यूची लागण झालेल्या चौघांपैकी सुमारे तिघांना तिचा पत्ताही लागत नाही. विषाणू आला, गेला. रक्तात नोंद तेवढी राहिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांतील सुमारे १२,३०० जणांचे रक्त तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांत ही जुनी नोंद निघाली. दक्षिणेत चारांमागे तीन, तर ईशान्येत शंभरात जेमतेम पाच.

या नोंदीचे मोल फार आहे. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाची लागण झाली की त्या एकापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पण पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले तर जुनी प्रतिपिंडे कधीकधी घात करतात आणि आजार अधिक गंभीर होतो. फिलिपिन्सने हे फार महागात शिकून घेतले. तिथे २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस टोचण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले, की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांना ही लस घेतल्यावर पुढे गंभीर आजाराचा धोका वाढतो. आईबापांची काय अवस्था झाली असेल! आपल्या मुलाच्या रक्तात जुनी नोंद होती की नव्हती, हे कोणी पाहिलेच नव्हते. आधी रक्त तपासा आणि मगच ती लस द्या, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिला.

मग एखाद्या गावात किती जणांना लागण होऊन गेली हे शोधायचे कुठे? सर्वांत सोयीची जागा रुग्णालय. शस्त्रक्रिया, बाळंतपण, मधुमेह, कशासाठी ना कशासाठी रक्त काढलेले असतेच. त्यातले उरलेले, नाव झाकून, तपासता येते. खर्च कमी, दारोदार हिंडणे नाही. पण रुग्णालय म्हणजे गाव नव्हे. जो तिथे पोचतो तोच मोजला जातो. ज्याला बसभाड्याची पंचाईत, तो हिशेबाबाहेर. म्हणूनच २०१७-१८ च्या पाहणीत घरोघरी जाऊन रक्त गोळा केले गेले.

प्रतिपिंडांची साक्षही डोळे मिटून मानायची नसते. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथल्या स्मिथबर्न, केर आणि गटणे यांनी भारतीयांच्या रक्ताची पाहणी करून १९५४ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात १९६ पैकी ३३ जणांत झिकाविरोधी प्रतिपिंडे आढळली होती. झिका तेव्हाच इथे होता की काय? तसे म्हणता येत नाही. झिका आणि डेंग्यू हे भाऊबंद. एकाची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळख देतात. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण नोंदला गेला तो २०२१ मध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी.

तेव्हा तापात आयजीजी पॉझिटिव्ह आले तर अहवाल घडी घालून ठेवू नये. ही लागण दुसऱ्यांदा झालेली असू शकते, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारावे. ताप उतरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. धोक्याचे दिवस नेमके तेच. पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर प्लेटलेटचा आकडा कितीही असो, रात्र घरी काढू नये.