डॉ. डिमेंटो शो

डॉ. डिमेंटो शो हा विनोदी, विडंबनपर आणि विक्षिप्त गीतांना वाहिलेला अमेरिकन नभोवाणी कार्यक्रम होता. १९७० साली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील केपीपीसी या केंद्रावर त्याचा आरंभ झाला आणि पंचावन्न वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्याची सांगता झाली. बॅरेट यूजीन हॅन्सन (जन्म : २ एप्रिल १९४१, मिनीॲपोलिस) हे ‘डॉक्टर डिमेंटो’ हे नाव धारण करून तो सादर करीत. ज्या अमेरिकनांचे शालेय वय १९७० व १९८० च्या दशकांत गेले, त्यांच्यापैकी अनेकांच्या स्मरणरंजनाचा हा कार्यक्रम विषय आहे. परंतु हा कार्यक्रम स्वतःच त्याहून जुन्या, विस्मृतीत गेलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या आठवणींवर उभा होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

नवलगीत

ज्या गीताचे आकर्षण चालीपेक्षा किंवा भावनेपेक्षा एखाद्या गमतीत, विचित्र आवाजात वा विसंगत कल्पनेत असते, त्याला अमेरिकेत ‘नॉव्हेल्टी साँग’ म्हणतात. मराठीत त्यास नवलगीत म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्पाइक जोन्स आणि त्यांचा वाद्यवृंद गंभीर व भावुक गाण्यांमध्ये गुरांच्या गळ्यातील घंटा, पिस्तुलांचे बार आणि शिंका मिसळून ती उलटीपालटी करीत. हिटलरची टर उडवणारे त्यांचे १९४२ चे ‘डेर फ्यूरर्स फेस’ हे गीत अतिशय गाजले. पुढे स्टॅन फ्रेबर्ग आणि ॲलन शर्मन यांनी ही परंपरा चालविली.

अशा गीतांचे आयुष्य बेताचे असे. प्रेमगीत पुन्हा पुन्हा ऐकले जाते. विनोद मात्र चार वेळा ऐकला की शिळा होतो, असा ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा हिशेब होता. बहर ओसरला की मुद्रिका विक्रीतून जात आणि जुन्या बाजारात पडून राहत. समीक्षकांनी या प्रकाराकडे पाहिलेच नाही. त्यातील काही गीते विसरली गेली हे योग्यच झाले, असेही म्हणावे लागते. इतर वंशांच्या लोकांच्या उच्चारांची टिंगल हा जुन्या नवलगीतांचा एक ठरलेला मसाला होता.

हॅन्सन यांची पार्श्वभूमी

कार्यक्रमातील विक्षिप्त डॉक्टरमागे एक शिस्तीचा अभ्यासक होता. हॅन्सन यांनी ऑरेगनमधील रीड महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून लोकसंगीताच्या अभ्यासात पदव्युत्तर पदवी मिळविली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या गोळा करण्याचा नाद त्यांना बालपणापासून होता. ‘स्पेशाल्टी रेकॉर्ड्स’ या कंपनीत जुन्या ध्वनिमुद्रणांचे पुनःप्रकाशन हे त्यांचे काम होते. लोकगीतांचा अभ्यासक ज्या आस्थेने एखाद्या ओवीचा पाठ जपतो, तीच आस्था त्यांनी पोरकट समजल्या जाणाऱ्या गाण्यांना लावली. गाणे कितीही खुळचट असो, गायक कोण, मुद्रिका कोणत्या सालची, कोणत्या कंपनीची, हे ते आवर्जून सांगत. हसण्यासाठी रेडिओ लावणारे विद्यार्थी अशा रीतीने संगीताचा इतिहासही शिकून जात.

आरंभी हा कार्यक्रम जुन्या, दुर्मिळ रॉक गीतांचा होता. मधूनच एखादे नवलगीत वाजविले की श्रोत्यांची मागणी त्याच प्रकारासाठी येऊ लागे, असे हॅन्सन यांच्या लक्षात आले. म्हणजे कार्यक्रमाला त्याचे रूप श्रोत्यांनी दिले. नावाची कथाही याच दिवसांतील आहे. नर्व्हस नॉर्व्हस या टोपणनावाच्या गायकाचे ‘ट्रान्सफ्यूजन’ (१९५६) हे, वारंवार अपघात करून रक्त चढवून घेणाऱ्या बेफाम वाहनचालकाविषयीचे गाणे त्यांनी लावले. तेव्हा असले काही वाजविणारा माणूस ‘डिमेंटेड’, म्हणजे डोके फिरलेला, असला पाहिजे, असे केंद्रावरील एक सहकारी म्हणाला. हॅन्सन यांनी ते विशेषण आपलेसे केले. पुढे उंच काळी टोपी आणि लांब शेपटीचा कोट हा त्यांचा वेश ठरून गेला.

स्वरूप आणि प्रसार

लवकरच कार्यक्रम लॉस एंजेलिसच्या केएमईटी या मोठ्या केंद्रावर गेला आणि रविवारची संध्याकाळ त्याची ठरली. १९७४ पासून त्याची ध्वनिमुद्रित आवृत्ती देशभरातील केंद्रांना पुरविली जाऊ लागली. ‘पिको अँड सेपुल्व्हेडा’ (१९४७) हे लॉस एंजेलिसच्या रस्त्यांची नावे गुंफलेले गाणे त्याची ओळखधून होते. शेवटी ‘फनी फाइव्ह’ म्हणजे त्या आठवड्यात सर्वाधिक मागणी असलेली पाच गाणी उलट क्रमाने लागत. रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला ऐकलेल्यांना ही उत्कंठा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. वर्षअखेरीस अशीच पंचवीस गाण्यांची यादी होई. या सर्व काळात सर्वाधिक मागणी आली ती बार्न्स अँड बार्न्स या जोडीच्या ‘फिश हेड्स’ला. माशांच्या मुंडक्यांविषयीच्या या गाण्यात अर्थ शोधण्याचा प्रयत्न करू नये.

गणिताचे प्राध्यापक टॉम लेहरर यांना या कार्यक्रमाने नवा श्रोतृवर्ग मिळवून दिला. त्यांनी १९५३ मध्ये स्वखर्चाने पहिली मुद्रिका काढली होती आणि १९६० च्या दशकानंतर ते मंचापासून जवळजवळ दूरच झाले होते; तरी त्यांच्या निवृत्तीनंतर वाढलेली मुले त्यांची गाणी तोंडपाठ म्हणत, यात हॅन्सन यांचा वाटा मोठा आहे.

याहून विलक्षण उदाहरण न्यूयॉर्कचे बेनी बेल यांचे. त्यांनी १९४६ मध्ये ‘शेव्हिंग क्रीम’ हे गाणे काढले. प्रत्येक कडव्याच्या अखेरीस एक अशिष्ट शब्द ओठांवर येतो आणि ऐनवेळी त्या जागी दाढीच्या साबणाचे नाव घेतले जाते, एवढीच त्यातली गंमत. जवळपास तीन दशकांनी डॉ. डिमेंटो यांनी ते वाजविण्यास सुरुवात केली, श्रोत्यांनी ते डोक्यावर घेतले, आणि १९७५ मध्ये पुनःप्रकाशित झालेले हे गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत ३० व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. बेल तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

यांकोविक

१९७६ मध्ये ॲल्फ्रेड यांकोविक या सोळा वर्षांच्या मुलाने घरी ध्वनिमुद्रित केलेली फीत हॅन्सन यांच्याकडे आली. घरच्या मोटारीविषयी अकॉर्डियनवर म्हटलेले ते गाणे त्यांनी प्रक्षेपित केले. यांकोविक पुढे वास्तुकला शिकण्यास गेले, पण फिती पाठवीत राहिले. १४ सप्टेंबर १९८० रोजी त्यांनी ‘क्वीन’ या वाद्यवृंदाच्या एका लोकप्रिय गीताचे विडंबन ‘अनदर वन राइड्स द बस’ याच कार्यक्रमात थेट सादर केले. अकॉर्डियनच्या पेटीवर ठेका धरणारे जॉन श्वार्ट्झ पुढे त्यांचे कायमचे ढोलवादक झाले. ‘विअर्ड अल’ यांकोविक यांचा ‘मँडेटरी फन’ हा संच २०१४ मध्ये अमेरिकन विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर आला. विनोदी गीतसंचाला हे स्थान १९६३ मधील ॲलन शर्मन यांच्यानंतर प्रथमच मिळाले. घरगुती फीत ऐकून घेणारा निवेदक नसता, तर ही कारकीर्द कोणत्या दाराने सुरू झाली असती, हे सांगणे कठीण आहे.

उत्तरकाळ

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे किती केंद्रे असावीत यावरील देशव्यापी मर्यादा उठविली. केंद्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती गेली, ठरीव साच्याची गाणी दिवसभर वाजू लागली आणि दोन तासांच्या विक्षिप्त कार्यक्रमास जागा उरेनाशी झाली. दुसरीकडे, दुर्मिळ गाणे हवे तेव्हा आंतरजालावर सापडू लागल्याने रविवारी त्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. वाट पाहत, फीत लावून, बोट कळीवर ठेवून बसणे हाच जुन्या श्रोत्यांच्या आठवणींचा गाभा आहे.

हॅन्सन यांचा २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ सन्मानसभेत समावेश झाला. पुढच्याच वर्षी, जून २०१० मध्ये, नभोवाणी केंद्रांवरील प्रसारण थांबले. त्यानंतर ते दर आठवड्यास आंतरजालावर, शुल्क भरणाऱ्या श्रोत्यांसाठी, कार्यक्रम करीत राहिले. यांकोविक यांच्यावरील २०२२ च्या ‘विअर्ड’ या चित्रपटात रेन विल्सन यांनी त्यांची भूमिका केली. २०२५ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, हॅन्सन यांनी निवृत्ती जाहीर केली. अखेरच्या भागात पंचावन्न वर्षांतील निवडक चाळीस गाणी उलट क्रमाने वाजविण्यात आली.