एकवीस गिअर गेले कुठे?

हौसेनं माउंटन बाइक घ्यायची, एकवीस गिअर दाखवून मित्रांना जळवायचं आणि वर्षा-दोन वर्षांत त्यातले वीस काढून टाकायचे. असं करणारी माणसं आहेत आणि ती वेडी नाहीत. निदान पूर्ण वेडी नाहीत.

मुळात ते एकवीस हा थोडा चकवाच. पुढे २८-३८-४८ दात्यांची चेनव्हील आणि मागे १४ ते २८ च्या चकत्या धरा. पुढे २८, मागे १४ म्हणजे दुप्पट. पुढे ४८, मागे २४? तेही दुप्पटच! एकच गिअर दोनदा विकत घेतलेला.

गंमत म्हणजे २६ इंची चाकाच्या सिंगल-स्पीडवाल्यांचं लाडकं गणितही हेच: ३२ ला १६. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटरच्या थोडी पुढे. चाक २९ इंची असेल तर मागे १८ किंवा २० दाते लावा, गुडघे दुवा देतील. तरी या मंडळींकडे 'गिअर' तीन असतातच: बसून, उभं राहून आणि उतरून.

आणि डोंगराला गिअर हवेतच कशाला? १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ 'रीपॅक' ही उताराची शर्यत सुरू झाली. सायकली जुन्या, धटिंगण, बऱ्याचशा एकाच गिअरच्या. ब्रेक मागच्या हबच्या पोटात, पॅडल उलटं मारलं की लागणारा. खाली येईस्तोवर हब असा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडा, पुन्हा ग्रीस भरा. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं.

तिकडे टूर द फ्रान्समध्ये तर डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारं यंत्र, लावायला १९३७ पर्यंत बंदीच होती. घाट आला की उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं. दुसऱ्या बाजूला मोठी चकती असे!

आता गिअर काढणाऱ्यांची खरी डोकेदुखी: चेनचा ताण. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीला चेन ढिली झाली तर नट सैल करून चाक मागे ओढलं की काम झालं. गिअरच्या फ्रेमची चाक बसवायची खाच मात्र बहुधा उभी, चाक मागे सरकणार कसं? मग चेन ताणून धरणारा टेन्शनर लावा. किंवा काढलेला डिरेलरच परत बसवा, स्क्रू पिळून एका जागी जखडा. मागच्या चकत्या बसतात त्या फ्रीहबवर उरलेली जागा भरायला जुन्या कॅसेटचे, म्हणजे चकत्यांच्या संचाचे, स्पेसर नाहीतर प्लंबरकडच्या पीव्हीसी पाइपच्या रिंगा. त्या मागेपुढे करत एक डोळा मिटून चेन सरळ रेषेत आली का बघायचं. कॅसेटमधलीच चकती वापरायचा मोह टाळा. तिचे दाते चेन चटकन उतरावी म्हणूनच घडवलेले असतात, त्यामुळे खडबडीत उतारावर चेन उतरायची भीती जास्त.

कधी कधी दात्यांची अशी जोडी जुळते की चेन टेन्शनरशिवायच घट्ट बसते. तिला म्हणतात 'मॅजिक गिअर'. जादू चेन झिजून लांबेपर्यंतच.

या पंथाची जागतिक स्पर्धाही भरते. बक्षीस? विजेत्याच्या अंगावर टॅटू. पदक कपाटात ठेवता येतं, हे नाही.