वडील ‘आर’ का होतात?

पाचवी-सहावीच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या चाळल्या की एक वाक्य हमखास सापडतं : ‘माय फादर आर अ टेलर.’ बाई लाल शाईनं ‘आर’ खोडून ‘इज’ लिहितात. मूल सुधारून आणतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच! मग आपण रागावतो, लक्ष नाही म्हणून. पण मैत्रिणींनो, हे वळण आपणच लावलेलं असतं.

घरात ‘पप्पा आला’ म्हटलेलं आपल्याला चालतं का? ‘पप्पा आले’ म्हणायचं. माणूस एकच, पण आदरापोटी क्रियापद अनेकवचनी. (आई मात्र ‘आली’च! त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.) आपल्या सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू, कन्नड बोलतात. तिथंही थोरांसाठी क्रियापद असंच बदलतं. इंग्रजीत तसं नाही. वडील असोत, पंतप्रधान असोत, नाहीतर दारातलं कुत्रं, एकटा असला की ‘इज’.

मग ‘यू आर’ का, असं चुणचुणीत मूल विचारणारच. पूर्वी इंग्रजीत ‘तू’साठी ‘दाऊ’ असा वेगळा शब्द होता आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’. पुढं ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून गेला. आता सगळ्यांनाच ‘तुम्ही’, म्हणून ‘आर’.

दुसरी अडचण ‘एस’ची. ‘गर्ल’ला एस लावला की पुष्कळ मुली होतात, म्हणून मुलांना वाटतं ‘सिंग’ला लावला की पुष्कळजणी गातात. नेमकं उलट! ‘द गर्ल सिंग्ज’, पण ‘द गर्ल्स सिंग’. वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात मी सांगते, एस एकच आहे, एकीनं घेतला की दुसरीला नाही. ‘चिल्ड्रन’पाशी ही युक्ती अडते, पण सुरुवातीला पुरते. प्रश्न विचारताना तो एस पुढं पळतो : ‘डज शी सिंग?’

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या आपल्यासारख्यांना वाटतं, हे क्लासवाल्यांचं काम, आपल्याला काय कळतंय! अहो, ‘रामनं आंबा खाल्ला, रामनं पोळी खाल्ली’ यात क्रियापद रामकडे बघतसुद्धा नाही, आंब्या-पोळीकडे बघतं. शाळेत ‘कर्मणी प्रयोग’ म्हणून घोकलेलं हेच. एवढं अवघड आपली लेकरं शाळेत जायच्या आधीच बोलतात. इंग्रजीत तर पुल्लिंग-स्त्रीलिंगाचीही कटकट नाही, ‘ही गोज’ तसंच ‘शी गोज’.

म्हणून भाजी निवडता निवडता एवढंच विचारायचं, ‘कर्ता कोण? एक की अनेक?’ ‘अ बंडल ऑफ टॉवेल्स’ला काय लावशील? सोलापूरच्या पोरांना टॉवेलचा गठ्ठा काय सांगायचा! गठ्ठा एक, म्हणून ‘इज’. टॉवेल क्रियापदाला चिकटून बसलेत म्हणून फसायचं नाही. गठ्ठा सोडून नुसत्या टॉवेलांबद्दल बोललो, की मग ‘आर’.