रुबिकॉन ट्रेल

रुबिकॉन ट्रेल हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेतून जाणारा सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा दुर्गम मार्ग आहे. कच्च्या वाटांवरून, खडकांवरून व चिखलातून वाहन चालवण्याचा छंद, म्हणजेच ऑफ-रोडिंग, जोपासणाऱ्यांमध्ये हा मार्ग जगप्रसिद्ध आहे. मार्गाच्या अवघडपणाइतकीच त्याची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवी वाहनचालकांच्या समुदायाचीही ख्याती आहे.

मार्ग

हा मार्ग जॉर्जटाउन या गावाच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातून लेक टाहो या सरोवराच्या पश्चिम किनाऱ्याकडे जातो. त्याचा काही भाग साधा रस्ता असून लून लेक जलाशयापासून पुढचा सुमारे १९ किलोमीटरचा पट्टा खरा कसोटीचा आहे. येथे डांबर नाही, खडी नाही. ग्रॅनाइटचे उघडे कातळ आणि मोठमोठे धोंडे हाच रस्ता. लिटल स्लूस, बिग स्लूस व कॅडिलॅक हिल हे त्यावरील नामांकित अवघड टप्पे होत. अंतर थोडे असले तरी गती पायी चालणाऱ्याएवढीच, किंबहुना कधी त्याहूनही कमी असल्यामुळे अनेक चालक वाटेत मुक्काम करतात.

इतिहास

ही वाट मूळची स्थानिक आदिवासींच्या पायाखालची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटेवरील रुबिकॉन स्प्रिंग्ज येथील खनिजयुक्त पाण्याच्या झऱ्यांमुळे तेथे पाहुण्यांसाठी हॉटेल उभे राहिले आणि घोडागाड्यांची ये-जा सुरू झाली. १८८७ मध्ये एल डोराडो काउंटीने ही वाट सार्वजनिक मार्ग म्हणून घोषित केली. मार्गाच्या पुढील इतिहासात हा दर्जा फार महत्त्वाचा ठरला.

दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. १९४५ पासून विलीजने नागरी वापरासाठीही जीप विकण्यास प्रारंभ केला. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या या गाडीमुळे ओसाड पडलेल्या वाटा पुन्हा जाग्या झाल्या. ऑगस्ट १९५३ मध्ये जॉर्जटाउनच्या रहिवाशांच्या पुढाकाराने जीपर्स जँबोरी ही पहिली सामूहिक सफर निघाली. तीत ५५ जीपगाड्या व १५५ माणसे होती. ही सफर पुढे वार्षिक परंपरा बनली. जीप कंपनीने २००३ साली रँग्लर गाडीच्या एका प्रकाराला या मार्गावरून ‘रुबिकॉन’ हे नाव दिले.

वाहनचालनाचे तंत्र

अशा मार्गावर वेग हा गुण नसून दोष ठरतो. चालक गिअरची ‘लो रेंज’ वापरतो. तिच्यामुळे चाके अगदी संथ फिरतात, पण त्यांना मिळणारा जोर वाढतो. टायरमधील हवा कमी केली जाते, म्हणजे रबर खडकाच्या आकारावर पसरून पकड घेते. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक अधांतरी झाले की तेच गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक ढिम्म राहते. डिफरन्शिअल लॉक लावल्यास दोन्ही चाके एकत्र फिरतात व गाडी पुढे सरकते.

परस्परसाहाय्य

एकट्या गाडीने या मार्गावर जाऊ नये, हा ऑफ-रोडिंगमधील पहिला संकेत होय. अवघड टप्प्यावर एक सोबती खाली उतरून वाटाड्याचे काम करतो. चालकाला स्वतःची चाके दिसत नाहीत. कोणते चाक कोणत्या धोंड्यावर ठेवायचे, हे वाटाड्या हाताच्या खुणांनी सांगतो. अडकलेली गाडी दुसरी गाडी विंचच्या दोराने ओढून काढते. एखादा भाग तुटल्यास सोबतच्या गाड्यांच्या बॅटऱ्या जोडून जागेवरच वेल्डिंग करण्याचीही रीत आहे. सुटे भाग, अवजारे व अनुभव यांची देवाणघेवाण होताना गाडी कोणत्या कंपनीची अथवा किती किमतीची, हे विचारात घेतले जात नाही. नवख्या चालकाचे शिक्षणही अशा सहवासातच होते.

पर्यावरणाचा प्रश्न

लोकप्रियतेबरोबर मार्गाची हानीही वाढली. खडकावर आपटून फुटलेल्या इंजिनांतील तेल, चाकांनी उकरलेली व ओढ्यांत वाहून जाणारी माती आणि मुक्कामाच्या जागी साचणारी मानवी विष्ठा या तीन तक्रारी प्रमुख होत्या. २००९ मध्ये राज्याच्या मध्य खोऱ्यातील जल गुणवत्ता नियंत्रण मंडळाने काउंटी व वनखाते या दोघांना प्रदूषण दूर करण्याचा आदेश दिला. मार्ग कायमचा बंद होण्याची भीती या काळात छंदिष्टांना वाटत होती.

वाट सार्वजनिक असल्यामुळे ती खुली ठेवण्याचा मुद्दा कायद्याच्या आधारे मांडता येत होता. परंतु केवळ हक्क सांगून पाणी स्वच्छ होणार नव्हते. ‘फ्रेंड्स ऑफ रुबिकॉन’ हा स्वयंसेवकांचा गट २००१ पासूनच काम करत होता. त्याने व रुबिकॉन ट्रेल फाउंडेशनसारख्या संस्थांनी काउंटीच्या बरोबरीने श्रमदान केले. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी वाटेवरून धावू नये म्हणून चर व बांध घालणे, कचरा उचलणे आणि येणाऱ्यांना नियम समजावणे ही कामे त्यात येतात. सांडलेले तेल टिपून घेण्याचे साहित्य व विष्ठा परत नेण्याच्या पिशव्या प्रत्येकाने जवळ बाळगणे अपेक्षित असते. जमीन पाण्याने फार भिजलेली असताना मार्ग तात्पुरता बंद ठेवता येतो. अशा रीतीने, ज्यांच्या चाकांमुळे वाट झिजते, त्यांनीच ती राखण्याचे उत्तरदायित्व स्वीकारले.

महाराष्ट्राशी संबंध

रुबिकॉनवर नावारूपाला आलेल्या विलीज जीपची भारतीय शाखा मुंबईत वाढली. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत महिंद्र अँड महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्याने येथे जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. २०१० मध्ये आलेली थार ही त्याच परंपरेतील गाडी होय. या कंपनीने इगतपुरी येथे ऑफ-रोड चालनाचे प्रशिक्षण केंद्रही चालवले आहे. सह्याद्रीतील भूमी मात्र रुबिकॉनहून भिन्न आहे: पावसाळ्यातील चिखल आणि जांभ्याच्या सड्यांवरील मातीचा पातळ थर येथे आढळतो. कास पठारासारख्या ठिकाणची हंगामी फुले याच थरावर उगवतात व चाकांखाली तो सहज नष्ट होतो. त्यामुळे ठरलेली वाट न सोडण्याचा नियम येथे अधिकच महत्त्वाचा ठरतो.