लिंबाला तहान लागू द्यावी

परसातलं लिंबाचं झाड बहुतेक घरांत मोरीच्या पाण्यावर वाढतं. रोज बुंध्याशी पाणी जातं, झाड हिरवंगार दिसतं आणि ‘नुसता पाला, लिंबू एक नाही’ ही तक्रार वर्षानुवर्षं चालू राहते. माझ्या कागदी लिंबाचं पाणी मी डिसेंबरात तोडते. लाडाकोडापेक्षा त्या झाडाला याचीच गरज असते, असं माझं ठाम मत आहे.

श्रीगोंद्याकडचे बागायतदार याला ताण देणं म्हणतात. मुरमाड जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो. काळ्या मातीत ओल टिकते, तिथे दोन महिनेही लागतात. आधी पानांचा तजेला जातो, मग ती वळतात, पिवळी पडतात आणि गळू लागतात. या दिवसांत हात पाण्याच्या नळीकडे जातो, तो आवरायचा. साधारण चौथा हिस्सा पानं गळली की ताण पुरे झाला. या काळात नवी पालवी थांबते आणि फांद्यांत अन्न साठतं. पुढे तेच फुलांच्या कामी येतं. मग आळं हलक्या हाताने खणायचं, कुजलेलं शेणखत मिसळायचं आणि पहिलं पाणी बेतानेच द्यायचं. थोड्याच दिवसांत काट्यांशेजारी पांढऱ्या कळ्या दिसू लागतात. हा आंबिया बहार. याची लिंबं जून-जुलैत हाती येतात.

पाणी कुठे द्यायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. बुंध्याला मातीची भर द्यावी आणि पाण्याचं आळं तिच्याबाहेर, फांद्यांच्या घेराखाली करावं. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं तिथेच असतात. बुंध्याशी पाणी साचलं की फायटोप्थोरा बुरशीने डिंक्या होतो, साल तडकून डिंक ओघळतो. त्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावते: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. भांडं प्लास्टिकचं घ्यावं, लोखंडाचं नको. सरळसोट वाढणारे, जाड काट्यांचे पानसोट दिसले की लगेच काढते.

कोवळ्या नवतीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी बसते. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते. हिचंच पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होतं. रोप लहान असेल तर अळ्या वेचाव्याच लागतात. मोठ्या झाडावरच्या मी खुशाल राहू देते. पावसात फळांवर खैऱ्याचे खरबरीत डाग येतात, पण डाग सालीवरच असतील तर आतला रस चांगला असतो. अशी लिंबं फेकू नयेत.

लिंबू पिवळसर झालं, साल पातळ आणि चकचकीत दिसली, की देठाशी पिरगाळून काढावं. कोवळं तोडलेलं लिंबू घरात पिवळं होतं, पण रसाने भरत नाही. ताजं लिंबू गरम वरण-भात-तुपावर पिळलं की सालीतल्या तेलाचा वासही घासाबरोबर येतो; बाजारातल्या शिळ्या लिंबात तो सापडत नाही.

लोणच्याला फोडी करताना बिया काढाव्यात, नाहीतर कडवटपणा उतरतो. त्या बिया मी टाकत नाही. कागदी लिंबाच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपं निघतात आणि बहुतेक मूळ झाडासारखीच होतात. फळाला चार-पाच वर्षं लागतात. मात्र बी वाळली की उगवण घटते, म्हणून लोणचं घालाल त्याच दिवशी ती पेरावी.