अनेक व्यक्तिमत्त्वं आणि कॉलेजचं पहिलं वर्ष

एफवायच्या एखाद्या विद्यार्थिनीला सोमवारचं लेक्चर मुळीच आठवत नाही, पण वहीत त्याच्या नोट्स आहेत, त्याही वेगळ्या अक्षरात. मैत्रिणींना वाटतं ही थापा मारते, सरांना वाटतं हिचं लक्ष नाही. डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी असलेल्यांच्या वाट्याला असे प्रसंग वारंवार येतात. या आजाराला पूर्वी मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं १९९४ मध्ये ते नाव बदललं. काही देशांतल्या सर्वसामान्य लोकांच्या पाहण्यांमध्ये याचं प्रमाण एक ते दीड टक्क्याच्या आसपास आढळलं आहे. म्हणजे मोठ्या कॉलेजात असे विद्यार्थी असू शकतात. त्यांची वाट आजाराइतकीच आपल्या गैरसमजांनीही अडते.

गैरसमज : हा स्किझोफ्रेनियाच आहे.
वस्तुस्थिती : हे दोन वेगळे आजार आहेत. स्किझोफ्रेनियात भास, भ्रम आणि विचारांचा विस्कळीतपणा असतो. डीआयडीत माणसाची ओळख एकसंध न घडता वेगवेगळ्या भागांत राहते आणि एका भागाच्या आठवणी दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत. याच्या मुळाशी बहुतेकदा अगदी लहान वयात पुन्हापुन्हा झालेला छळ, अत्याचार किंवा हेळसांड असते. जे सोसणं अशक्य होतं, ते सोसायला त्या मुलाच्या मनानं काढलेला हा मार्ग असतो. आवाज दोन्ही आजारांत ऐकू येऊ शकतात, त्यामुळे निदान चुकतं आणि योग्य निदानापर्यंत पोचायला अनेकदा कित्येक वर्षं जातात.

गैरसमज : असा माणूस क्षणात रूप बदलतो आणि धोकादायक असतो.
वस्तुस्थिती : ‘भूलभुलैया’ (२००७) आणि ‘स्प्लिट’ (२०१६) यांसारख्या चित्रपटांनी ही समजूत घट्ट केली. प्रत्यक्षात बहुतेकांमधला बदल शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. नजर क्षणभर हरवते, आवाज थोडा बदलतो, चालू विषयाचा धागा सुटतो, एवढंच. खरा धोका असतो तो स्वतः त्या व्यक्तीला, कारण स्वतःला इजा करणं आणि आत्महत्येचे प्रयत्न या आजारात बरेच आढळतात. रूममेटनं घाबरण्याचं कारण नाही, पण मरणाचं बोलणं कधीही हसण्यावारी नेऊ नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते.

गैरसमज : हे सगळं नाटक आहे.
वस्तुस्थिती : सिमोन राइंडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याचीच परीक्षा घेतली. निरोगी लोकांना डीआयडीची नक्कल करायला सांगितली, पण त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह आणि शरीराच्या प्रतिक्रिया खऱ्या रुग्णांसारख्या झाल्या नाहीत. शिवाय बहुतेक रुग्ण लक्ष वेधून घेत नाहीत. ते आपली लक्षणं लपवत असतात.

गैरसमज : हे बाहेरचं आहे, अंगात येतं.
वस्तुस्थिती : जागरण-गोंधळात किंवा देवळात, रूढ श्रद्धेचा भाग म्हणून अंगात येणं हा आजार मानला जात नाही. मात्र मनाविरुद्ध, कुठेही, कधीही तसं होत असेल, त्यानं त्रास होत असेल आणि नंतर आठवण राहत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

गैरसमज : कॉलेज झेपणारच नाही.
वस्तुस्थिती : चीनच्या इतिहासाचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ऑक्सनम यांनी येल विद्यापीठात डॉक्टरेट केली, एशिया सोसायटीचं अध्यक्षपद सांभाळलं आणि २००५ मध्ये आपल्याला डीआयडी असल्याचं पुस्तकातून जाहीरपणे लिहिलं. बुद्धी शाबूत असते. तुटतो तो आठवणींचा सांधा, आणि तो सांधायला साध्या सोयी पुरतात. सगळ्या भागांसाठी एकच डायरी, फोनवर सबमिशन आणि प्रॅक्टिकलच्या तारखा, लेक्चर रेकॉर्ड करायची परवानगी, ठरलेली जागा, परीक्षेला शांत खोली, उपचारासाठी गेलेल्या दिवसांची हजेरीत दखल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. आरक्षणासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. पण लेखनिकासारखी वाजवी सोय केवळ त्या अटीवर बोट ठेवून नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात स्पष्ट केलं.

गैरसमज : कॉलेजला सगळं सांगावंच लागतं.
वस्तुस्थिती : २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. सोयी मागताना डॉक्टरांचं पत्र लागेल, पण आपल्यात किती भाग आहेत, त्यांची नावं काय, बालपणी काय घडलं, हे वर्गशिक्षकांना सांगण्याची गरज नाही. कुणाला सांगायचं ते विद्यार्थ्यानं ठरवावं. ज्याला सांगितलं, त्यानं ते पुढे नेऊ नये आणि ‘आता तू कोण?’ असं कुतूहलानं विचारत राहू नये.

गैरसमज : आधी बरं व्हावं, मग शिकावं.
वस्तुस्थिती : डीआयडी बरं करणारी गोळी नाही, नैराश्य किंवा झोपेसाठी औषधं दिली जातात. मुख्य उपचार दीर्घकाळ चालणाऱ्या मानसोपचाराचा. त्यात आधी सुरक्षितता आणि स्थैर्य साधतात, मग जुन्या आघातांवर काम होतं. कुठलाही भाग ‘संपवणं’ हा हेतू नसतो, भागांमध्ये सहकार्य वाढवायचं असतं. याला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं शिक्षण थांबवण्याची गरज बहुतेकांना नसते. मात्र नवं शहर, अपुरी झोप आणि परीक्षेचा ताण यांनी लक्षणं वाढू शकतात. म्हणून हॉस्टेलवर जाण्याआधीच तिथला थेरपिस्ट ठरवावा आणि कॉलेजच्या समुपदेशकाला पहिल्याच आठवड्यात भेटावं. तिच्या वहीतलं वेगळं अक्षर पाहून ‘कुणाची वही ढापलीस?’ असं विचारण्याऐवजी, ‘कालच्या नोट्स हव्यात का?’ एवढं विचारणारा मित्र असेल, तर तिचं निम्मं ओझं उतरेल.