आजीचा गंबो

मार्लन रिग्ज हे आफ्रिकी वंशाचे अमेरिकी माहितीपटकार, जन्म १९५७, टेक्सासचा. 'टंग्ज अनटाइड' (१९८९) मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांना बोलतं केलं. १९९१ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या अनेक केंद्रांनी तो दाखवायला नकार दिला, आणि त्या वादातच रिग्ज यांचं नाव अडकून राहिलं.

मला मात्र त्यांचा अखेरचा 'ब्लॅक इज... ब्लॅक एन्ट' जास्त मोलाचा वाटतो. इथे सवाल गोऱ्यांना नाही, स्वकीयांना आहे: खरा कृष्णवर्णीय कोण, हे ठरवणार कोण? कुणाचा रंग उजळ, कुणाची बोली निराळी, कुणी बाई, कुणी समलिंगी. घरातच माणसं उंबऱ्याबाहेर राहिलेली. उत्तरादाखल ते आजीचा गंबो पुढे ठेवतात. गंबो म्हणजे लुइझियानाचं दाट कालवण. कोळंबी, कोंबडी, सॉसेज, हाताला लागेल ते त्यात पडतं आणि तरी प्रत्येकाची चव जिभेला कळते. (शब्दही आफ्रिकेतून आलेला, मूळ अर्थ, आपली भेंडी!)

एड्सने खंगलेले रिग्ज या चित्रपटात इस्पितळाच्या खाटेवरूनही बोलतात. ५ एप्रिल १९९४ रोजी, ३७ व्या वर्षी ते गेले. उरलेलं काम सहकाऱ्यांनी पुरं केलं.